पितळी पिन

पिन मोडायलाच असते. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलंय, की मला गाढ झोपेतून उठवून विचारलं तरी मी तेच म्हणेन. बोटीला मागं टांगायची जी जुनी मोटर असते ना, तिचा पाण्यातला पंखा बोटाच्या पेराएवढ्या एका पिनेनं दांड्याला अडकवलेला असतो. पिन पितळेची, म्हणजे मऊ. पंखा पाण्याखाली कशावर आपटला की पिन तुटते, पंखा सैल पडतो आणि आतले गिअर वाचतात. पिन घरी बसून करता येते. गिअर करता येत नाही. "पिन मोडली म्हणून रडू नका, मोडली नाही तर रडा," असं आमचे हे धक्क्यावरच्या प्रत्येकाला ऐकवायचे. लोक त्यांना पिनबुवा म्हणत. चेष्टेनं म्हणत, पण ह्यांना ती पदवीच वाटायची.

आता धक्क्यावर ऐकायलाच कोणी नाही. धरण झालं तेव्हा खालचं सगळं बुडालं आणि आम्ही वर चढावर आलो. तेव्हा लाँच होती. मग लांब खालच्या अंगाला पूल झाला, लाँच बंद पडली, आणि ज्याचे पाय धड होते तो पुलाकडे निघून गेला. राहिलो आम्ही दोघं, जाळेवाले भाऊजी, आणि कुलपं लावलेली घरं. भाऊजी म्हणजे ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. एकटाच जीव, जाळी विणतो आणि मला दिवसातून एकदा चहा मागतो. गंमत अशी की शहर आमच्या बरोब्बर समोर आहे. ओसरीत बसलं की पलीकडच्या हॉस्पिटलची पाण्याची टाकी दिसते. दिसून काय उपयोग? रस्त्यानं जायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा, आणि तो रस्ता म्हणजे रस्ता म्हणायची पद्धत आहे म्हणून रस्ता. एकदा ह्यांना जीपनं नेलं होतं. पोचलो तेव्हा शुद्ध नव्हती. डॉक्टर मलाच ओरडले, "परत असं आणलंत तर वाटेतच जातील ते."

आणायचं तर आठवड्यातून दोनदा असतं. ह्यांच्या किडन्या गेल्यात. तिथं एका खुर्चीत बसवतात, हातात दोन जाड सुया खुपसतात, अंगातलं रक्त यंत्रातून धुवून काढतात आणि परत आत घालतात. हे केलं की माणूस पुढच्या खेपेपर्यंत चालतो. नाही केलं तर अंगात पाणी साठत जातं, श्वास लागतो, आणि मग पुढचं सांगायला नको. ह्यातून बरं होणं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आम्हाला. खुर्च्या मोजक्या, वाट बघणारे ढीगभर. आमची खुर्ची आम्हाला मिळाली, कारण त्या खुर्चीत बसणारा माणूस एक दिवस आलाच नाही. तिथली सिस्टर चांगली आहे, पण तिनं स्पष्ट सांगून ठेवलंय, "काकी, लागोपाठ वेळा चुकल्या तर मला खुर्ची धरून ठेवता येणार नाही. ते माझ्या हातात नाही."

मुलगी फोनवर म्हणते, इकडे या. तिचं शहर रेल्वेनं एक रात्र लांब. तिथं रांग ह्याच्याहून मोठी. ती चौकशी करते, नाव घालून ठेवते, आणि फोन ठेवताना रडते. म्हणजे सगळी मदार त्या मोटरीवर. मोटर चालली तर हे चालतील.

मोटर आमच्या मुलीपेक्षा वयानं मोठी आहे. मुलगी लग्न होऊन गेली, ही नाही गेली. तिचे सुटे भाग करायचे कंपनीनं कधीच सोडलं. पलीकडच्या मेकॅनिकला एकदा दाखवली तर म्हणाला, "काकी, हिला आता हार घाला." ह्यांना इतका राग आला, की येताना वाटेत एक शब्द बोलले नाहीत. पण हे हुशार. लाँच बंद झाली तेव्हा कुणीतरी अशीच एक मोटर टाकून दिली होती, ती उचलून आणली. चालती ती हयात आणि ही दुसरी मयत. हयातचं काही बिघडलं की मयतचं पोट फाडायचं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. आमच्या मेलीनं खरंच दिलं. कार्बोरेटर दिला, पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र दिलं, ओढायच्या दोरीची स्प्रिंग दिली. शेवटी दोन उन्हाळ्यांमागं गिअर दिले. त्यानंतर तिच्यात काही उरलं नाही. नुसतं सोललेलं कवच, आणि एका पत्र्याच्या डब्यात किरकोळ माल: वायसर, नट, एका मोठ्या बेअरिंगमधले पोलादी रोलर.

आधी सगळं हे स्वतः करायचे. मला हात लावू देत नव्हते, म्हणायचे, "तुझ्या हाताला घाई आहे." मग ह्यांचे हात कापायला लागले. तेव्हापासून मोटर ओसरीत लाकडी घोड्यावर, हे शेजारच्या खाटेवर, आणि मी मध्ये पाना घेऊन बसलेली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते कुणाला बघायचं असेल तर आमच्या ओसरीत यावं.

"प्लग काढ."

"काढला."

"कसा आहे?"

"काळा."

"काळा म्हणजे कसा? ओला काळा की सुका काळा?"

"तुमच्या नशिबासारखा काळा."

"म्हणजे ओला. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलं तुझ्याकडून. भाजीत मीठ आणि पेट्रोलमध्ये ऑइल, दोन्हीकडे तुझा हात सैल."

"इतकी वर्षं जेवलात ना तीच भाजी?"

"म्हणून तर किडन्या गेल्या."

असे आम्ही. बाहेरच्या माणसाला वाटायचं भांडतायत. भांडतच होतो म्हणा. पण तो प्लग मी पॉलिशच्या कागदानं घासून चकचकीत केला, तर हे हातात घेऊन, उजेडाकडे धरून, बघत बसायचे. प्रत्येक खेपेच्या आदल्या दिवशी मोटर पिंपात सोडून चालवून बघायची. पिंपात पाणी भरल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही, कोरडी चालवली तर पंपाचं रबर जळतं. चालू झाली की तिच्या बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडते. धार पडली म्हणजे आत पाणी फिरतंय, मोटर तापणार नाही. "धार कशी आहे?" हे खाटेवरून विचारायचे. मी म्हणायचे, चांगली आहे. त्यावर एकदा म्हणाले, "चला, दोघांपैकी एकाला तरी होतेय." ह्या आजारात माणसाची लघवी बंद होते. मी हसले. हसले आणि मोटर तशीच चालू ठेवून आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

आणि पिना. पितळेची सळई शहरातून आणलेली. करवतीनं मापाचा तुकडा पाडायचा, कानशीनं दोन्ही टोकं घासायची, दांड्याच्या भोकात बसते का बघायचं. बसली की हे म्हणायचे, "टाक खाली." ओसरीची फरशी दगडी. पितळेची पिन पडली की 'ठक्' असा बसका आवाज येतो. पोलाद असेल तर 'टण्ण' वाजतं. अहो, मी ह्यांच्या डोळ्यांदेखत पितळेच्या सळईतून कापलेली पिन, ती काय वाटेत पोलादाची होणार आहे? पण नाही. प्रत्येक पिन खाली टाकून ऐकायची. डोळे मिटून ऐकायचे, आणि मग निकाल: "चालेल." मी किती पिना केल्या देव जाणे, 'चालेल'च्या पुढं गाडी कधी गेली नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "चांगली म्हणालात तर जीभ झडेल का?" तर म्हणाले, "चांगली झाली की सांगेन."

ह्या आवाजाच्या वेडालाही कारण होतं. भाऊजींची पण अशीच मोटर होती. पिना मोडून मोडून वैतागले आणि एक दिवस त्यांनी पिनेच्या जागी पोलादी खिळा ठोकला. महिनाभर मजेत हिंडले. मग एका खुंटावर पंखा आपटला, खिळा जागचा हलला नाही, आणि आतले गिअर पार चावून निघाले. मोटर गेली भंगारात. ह्यांनी भाऊजींशी कितीतरी दिवस अबोला धरला, जसं काही भाऊजींनी ह्यांचीच मोटर मोडली. "ज्याला मोडायला ठेवलंय त्याला मोडू द्यावं की नाही?" असं मला विचारायचे. भाऊजी तेव्हापासून वल्ह्यांवर आले. आता तर त्यांचा एक खांदाही वर जात नाही, काठाकाठानंच जाळं टाकतात.

खुंटांचं सांगायचं राहिलं. धरणाच्या वेळी खाली जी झाडं होती ती घाईघाईनं कंबरेएवढी ठेवून तोडली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते खुंट पृष्ठभागाच्या जरा खाली येऊन थांबतात. दिसत नाहीत, नुसते असतात. त्यातली काही आमच्याच बांधावरची, मी पाणी घालून वाढवलेली. त्यांना मी आता ज्या शिव्या घालते त्या इथं सांगण्यासारख्या नाहीत.

ह्या उन्हाळ्यात पाणी लवकर उतरलं. एकेका खेपेला पिन मोडायला लागली, कधी जाताना, कधी येताना. पिन मोडली की मोटर एकदम किंचाळते, आणि बोट मात्र जागच्या जागी. मग मोटर बंद करायची, तिरपी उचलून पंखा पाण्याबाहेर काढायचा, मागच्या फळीवर पोट टेकून बाहेर ओणवं व्हायचं, पक्कडीनं कळ, म्हणजे नट अडवणारी तार, काढायची, नट सोडवायचा, पंखा ओढून काढायचा, तुटलेली पिन ठोकून बाहेर, नवी आत. नवी पिन मी दातात धरायचे. दोन्ही हात गुंतलेले, खाली पाणी, आणि मागून ह्यांचं चालूच, "नट पाडू नको. नट पाडलास तर दोघंही इथंच."

"दातात पिन आहे म्हणून, नाहीतर चांगलं उत्तर दिलं असतं," हे मी नंतर सांगायचे.

एक दिवस वारं होतं. मी ओणवी, पंखा हातात, आणि बोट गर्रकन फिरली. माझं पोट फळीवरून सुटलं आणि मी कंबरेपर्यंत डोक्याकडून पाण्यात. मला पोहता येतं, पण मोटर माझ्या पाठीवर झुकलेली, डोकं वर काढायला जागाच नाही. तेवढ्यात घोटा कुणीतरी घट्ट धरला. हे बसल्या जागेवरून कसे मागं आले कुणास ठाऊक. ज्यांना कप धरून चहा पिता येत नाही त्यांनी मला एका हातानं धरून ठेवलं, मी कड पकडेपर्यंत. मी वर आले तेव्हा खोकत होते, रडत होते, आणि तरी पंखा सोडला नव्हता मी. बघते तर ह्यांनी डाव्या हातानं धरलं होतं. सुयांचा हात. त्या हाताची शीर ऑपरेशन करून मोठी केलेली असते, त्या हातानं पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही अशी सक्त ताकीद.

हात सुजला, जांभळा झाला. त्या दिवशी सुई लावताना सिस्टरच्या नाकी नऊ आले. "काका, काय केलंत हाताला?" तर हे म्हणाले, "दार लागलं." मी तोंड उघडणार होते, ह्यांनी डोळे वटारले. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, ही शीर बंद पडली तर दुसरी करण्याएवढी ताकद त्यांच्यात नाही.

घरी आलो तर हे गप्प. दोन दिवस 'प्लग काढ' नाही, 'धार कशी आहे' नाही. मी म्हटलं, बोला काहीतरी, मला मीठ जास्त पडलं म्हणा. तर म्हणाले, "तू आता फळीवरून वाकायचं नाहीस."

"बरं. मग पिन कोण बदलणार? मासे?"

हे भिंतीकडे वळले.

पुढच्या खेपेआधी मी भाऊजींबरोबर पेट्रोल आणायला खालच्या वस्तीवर गेले होते. परत आले तर हे खाटेवरून उतरून फरशीवर बसलेले, पाठ मोटरीच्या घोड्याला टेकलेली, हात ग्रीसनं बरबटलेले, आणि दम असा लागलेला की बोलता येईना. "काय उद्योग केलात?"

"पंखा काढून ग्रीस लावलं. पिन जुनी झाली होती, बदलली."

मी ह्यांना इतकं झापलं, इतकं झापलं, की भाऊजी चहा न घेता गेले. मग चिंधी रॉकेलमध्ये बुडवून एकेक बोट पुसून दिलं. हे लहान मुलासारखे हात पुढं करून बसले होते. मला बरंही वाटलं हो. म्हटलं, काहीतरी करावंसं वाटतंय, म्हणजे अजून माणसात आहेत.

त्यानंतर पिन मोडली नाही. ती खेप झाली, पुढची झाली, नंतरच्याही झाल्या. पाणी रोज उतरत होतं, खुंट जास्तच लागत होते, खाली 'धप्' असा आवाज यायचा, बोट हादरायची, आणि मोटर तशीच पुढं चालू. मी तर फुगलेच. म्हटलं, बघा, माझ्या हाताला गुण आला. "बघितलंत? पिन करावी तर अशी. पिनबुवांच्या पिना मोडायच्या, माझी मोडत नाही."

"हं," हे म्हणायचे.

मी सिस्टरला सांगितलं, मुलीला फोनवर सांगितलं. भाऊजींना तर दोनदा सांगितलं. भाऊजी माझ्याकडे जरा बघत राहिले, मग ह्यांच्याकडे बघितलं, आणि जाळ्यात बघायला लागले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पिन मोडायलाच असते हे मला झोपेतसुद्धा येतं म्हणत होते ना मी? आणि प्रत्येक 'धप्'ला ह्यांचा चेहरा आक्रसायचा, तोही मी बघत होते. मला वाटायचं, हात दुखतोय.

आजची खेप सकाळची. वारं नव्हतं, पाणी ताटासारखं. मी मुद्दाम खुंटांची ओळ टाळून लांबून घेतली. मध्यावर आलो आणि असा दणका बसला, की माझे दात एकमेकांवर आपटले. मोटर किंचाळली नाही. आतून खरखर आवाज आला, मिक्सरच्या भांड्यात चमचा राहावा तसा. मग खरखरही थांबली, मोटर चालू, आणि बोट जागच्या जागी.

"बंद कर," हे म्हणाले. डोळे मिटलेले होते.

मी बंद केली. "पिन गेली वाटतं. थांबा, वाकत नाही फार, हळूच..."

"पिन नाही गेली. वल्ही घे."

असं म्हणाले, की मी पुढं काही विचारलंच नाही. वल्ही घेतली. समोर हॉस्पिटलची टाकी, मागं आमचं घर, दोन्ही सारखीच लांब. मी टाकीकडे मारायला लागले. मारत राहिले. ऊन चढलं, वारं सुटलं आणि तेही समोरून. दहा हात पुढं जायचे, आठ हात मागं यायचे. ह्यांचा श्वास मला वल्ह्यांच्या आवाजातूनही ऐकू येत होता. शेवटी भाऊजींनी काठावरून बघितलं आणि त्या मोडक्या खांद्यानं आपली होडी मारत आले. दोर बांधला, आणि वारं जिकडे नेत होतं तिकडेच, घराकडे, आम्हाला ओढत आणलं.

सिस्टरला फोन केला. तिनं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "उद्या दुपारी एक जण येणार नाहीत बहुतेक. तेव्हा बसवते. पण उद्या आणाच काकी, कसंही करून. आणि पुढच्या आठवड्याचं काय?"

"बघते," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

भाऊजी म्हणाले, "उद्या पहाटे वारं सुटायच्या आत निघू. मी वल्हवतो." म्हणताना ते एका हातानं दुसरा खांदा दाबत होते. उद्या नेतील ते. तिथून पुढचं दोघांनाही माहीत होतं, म्हणून तो विषय कोणी काढला नाही. चहा केला. हे प्यायले नाहीत, त्यांना आता मोजूनच पाणी. भाऊजी गेले.

मी मोटर घोड्यावर चढवली आणि उघडायला बसले. हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले, सुजलेला हात उशीवर. खालचा स्क्रू काढून ऑइल थाळीत सोडलं. ऑइलमध्ये चांदीसारखा चुरा चमकत होता. मग कवच सोडवलं. एका गिअरला दातच नव्हते, दुसऱ्याला होते ते अर्धे. मी मयतकडे बघितलं. सवयीनं बघितलं. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिचेच तर होते हे गिअर.

मग पंखा काढला. पिन काही केल्या निघेना. हातोडीनं चार ठोके घातले तेव्हा बाहेर आली. सरळ. एक ओरखडा नाही. निळसर चमक होती तिला, आणि दोन्ही टोकं कारखान्यात करतात तशी गोल. ती मी केलेली नव्हती. मी डब्यात बघितलं, मयतच्या किरकोळ मालात. बेअरिंगचे रोलर तिथंच होते. त्यातला एक कमी होता.

असा संताप आला मला! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोस्तानं खिळा ठोकला म्हणून ज्या माणसानं त्याच्याशी बोलणं टाकलं, माझी प्रत्येक पिन फरशीवर आपटून ऐकली, त्यानं स्वतःच्या हातानं पोलाद घातलं! लग्न झाल्यापासून मोटरीच्या विषयात मी ह्यांच्याशी एकदाही जिंकले नव्हते. आज जिंकले होते. पुरावा हातात होता. मी उठलेच खाटेकडे जायला.

आणि मग कळलं. ह्यांना गिअरचं काय होणार हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? ह्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ह्यांनी पैज लावली होती. गिअर काही महिने काढेल, तोवर आपण जाऊ, आणि मधल्या काळात हिला फळीवरून वाकायला लागणार नाही. आधी आपण जायचं, मग गिअरनं. एवढाच हिशोब. आणि मी मूर्ख, माझ्या हाताला गुण आला म्हणून गावभर सांगत होते, आणि हे 'हं' म्हणत होते. मला ओरडायचं होतं की तुम्ही गेल्यावर मी वाकले काय आणि बुडाले काय! पण मी तिथंच फरशीवर बसले.

"निघाली पिन?" हे भिंतीकडे बघतच म्हणाले.

"निघाली."

"टाक खाली."

रोलर माझ्या डाव्या मुठीत होता. उजव्या हातानं मी माझा पिनांचा डबा ओढला, त्यातली एक पितळेची पिन घेतली आणि फरशीवर सोडली. ठक्.

हे ऐकत राहिले. मी केलेल्या प्रत्येक पिनेला जेवढा वेळ ऐकायचे, त्याच्याहून जास्त वेळ.

"ही तुझी आहे," म्हणाले. मग म्हणाले, "चांगली झालीय."

नाकात गच्च भरलं होतं, ते बाहीला पुसलं.

"बसवू का?" मी विचारलं.

"बसव."

मी पिन दांड्यात घातली. मापाला बरोबर बसली. पंखा चढवला, नट आवळला, कळ घातली आणि तिची टोकं ह्यांनी शिकवली होती तशी दोन बाजूंना वाकवली. मग सवयीनं पंखा बोटानं फिरवून बघितला. आत अडवायला काहीच उरलं नव्हतं, त्यामुळं तो बराच वेळ नुसता फिरत राहिला.